दोन टोल पाण्याचे

मित्रांनो, मी टेबलावरची एक जुनी पितळी घंटी आहे. डोक्यावर कळ असते, ती दाबली की टिंग होते, तीच मी. तुम्ही म्हणाल, घंटीचे आयुष्य ते काय! कोणी दाबले की ओरडायचे आणि मग गप्प बसायचे. तुमचे खरे आहे. पण या ओरडण्यापायी एका भल्या माणसाची नोकरी गेली, आणि ते मला कोणाला तरी सांगायचे आहे. सध्या मी टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, सुकलेले शाईचे पॅड आणि गंजलेल्या टाचण्या यांच्या संगतीत पडून असते. त्यांना सांगून काय उपयोग?

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा ठोकून माझी वाटी केली, घासून तिला चकाकी आणली आणि पोटात एक इवलीशी हातोडी बसवली. कारागीर प्रत्येक घंटी वाजवून कानाशी धरायचा. जिचा आवाज लगेच मरायचा ती भंगारात जायची. माझा आवाज त्याने दहा आकडे मोजेपर्यंत टिकला. "ही मोठ्या साहेबाकडे जाणार बघ," तो शेजारच्याला म्हणाला, आणि मी फुगून गेले. त्या दिवशी भंगारात गेले असते तर फार बरे झाले असते.

एका कंपनीने मला विकत घेतले आणि मुलाखतीच्या खोलीत ठेवले. खोलीत एक लांब टेबल होते. त्याच्या एका बाजूला उंच पाठीच्या तीन खुर्च्या आणि दुसऱ्या बाजूला हात असलेली एक. मी मधल्या साहेबांच्या उजव्या हाताशी असे. एक टोल म्हणजे पुढचा उमेदवार, दोन टोल म्हणजे पाणी, तीन म्हणजे चहा. ही पद्धत शिपाईकाकांनी बसवली होती. ते आणि मी एकाच वर्षी कंपनीत लागलो. रोज सकाळी ते आल्या आल्या आधी मला पुसायचे आणि मग टेबल. साहेब तीन बदलले, टेबलही एकदा बदलले, पण मला पुसणारा हात सव्वीस वर्षे तोच होता.

उत्तरे तर मी हजारो ऐकली. 'आमच्याच कंपनीत का यायचंय?' या प्रश्नाला एकाने 'बस अगदी दारात थांबते' असे खरे ते सांगून टाकले होते. साहेब पोट धरून हसले, नोकरी मात्र दिली नाही. एका पाठांतरवाल्याला तिसरा प्रश्न आधी विचारला, तर त्याने पहिल्याचे उत्तर दिले, मग दुसऱ्याचे, आणि मग कुठे त्याची गाडी तिसऱ्यावर आली. काही जण रडत बाहेर गेले. त्यांच्याकडे बघून मला वाईट वाटायचे, पण लगेच कोणीतरी माझ्या डोक्यावर बोट ठेवायचे आणि पुढचा माणूस आत यायचा.

दाराबाहेर काकांची शाळा भरायची. "पाणी घ्या. एकच घोट, जास्त नको. बसा म्हणेपर्यंत बसू नका. येत नसेल ते येत नाही म्हणा, थापा साहेबांना लगेच कळतात. आणि मधल्या साहेबांच्या भुवयांना घाबरू नका, त्या जन्मापासून तशाच आहेत." आत येणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडे हसू असले की मी ओळखायचे, हा काकांच्या हातचे पाणी पिऊन आला.

आमच्या टायपिस्टबाई अशाच आल्या होत्या, अकरा वर्षांपूर्वी. इतक्या घाबरल्या होत्या की प्रमाणपत्रे दारातच सांडली. काकांनी ती गोळा केली, नीट लावून दिली आणि म्हणाले, "पोरी, आत तीन माणसंच आहेत. तिघांनाही घरी बोलणी बसतात." बाई हसतच आत आल्या आणि निवडल्या गेल्या. त्यांचे टेबल आमच्या दाराला लागूनच होते.

मग कंपनीला नवे मालक मिळाले. एक दिवस फळ्यावर कागद लागला की शिपायांच्या पाचही जागा बंद. त्याऐवजी 'कार्यालय सहायक' अशी एकच जागा. जुन्या माणसांना हवी असेल तर त्यांनी बाहेरच्यांसारखाच अर्ज करावा आणि मुलाखत द्यावी. बाकीचे चौघे मिळेल ते घेऊन गेले. काकांना जाऊन चालणार नव्हते. निवृत्तीला तीन वर्षे राहिली होती, आणि कंपनीच्या मागच्या चाळीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ते राहत होते. काकूंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्यांना उंबरा ओलांडतानाही भिंत धरावी लागे, जिना तर लांबच राहिला. नोकरी गेली की महिन्याभरात खोल्या सोडायच्या होत्या, आणि तळमजल्यावरची जागा काकांना दुसरे कोण देणार होते?

"ही रोज विचारते, खोली राहील ना? मी म्हणतो, राहील," काका टायपिस्टबाईंना म्हणाले. "आता तुम्हीच काय ते बघा ताई. मी लोकांना पाणी पाजलं, उत्तरं कधी दिली नाहीत."

बाई मुलाखतीच्या प्रश्नांचे एक पुस्तक घेऊन आल्या. जेवणाच्या सुट्टीत माझी खोली रिकामी असे. आठ दिवस तिथे त्यांची तयारी चालली. बाई मधल्या साहेबांच्या खुर्चीत बसायच्या आणि काका समोर. पहिल्या दिवशी तर काका बसायलाच तयार होईनात. ती खुर्ची त्यांनी सव्वीस वर्षे पुसली होती, तिच्यात बसले कधी नव्हते. शेवटी टेकले, तेही अगदी कडेला.

"स्वतःबद्दल सांगा," बाईंनी विचारले.

"काय सांगू? तुम्हाला सगळं माहीतच आहे की."

"मला माहीत आहे हो, त्यांना नाही. बरं, तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता?"

"चहा जरा कडक होतो माझ्या हातून."

"आणि पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"पाच वर्षांनी? घरी. रिटायर होऊन."

बाईंनी कपाळाला हात लावला. मला खूप हसू आले. पण बाईंनी चिकाटी सोडली नाही. एकेक उत्तर त्यांनी काकांच्याच बोलण्यातून काढले, घासूनपुसून दिले, आणि काका ते येताजाता पुटपुटू लागले.

तिसऱ्या दिवशी बाईंनी गंमत म्हणून मला दोनदा दाबले. काका बोलत होते. वाक्य अर्धवट टाकून ते ताडकन उठले आणि पाण्यापाशी पोचलेसुद्धा. दोघे हसले. मग पुन्हा उत्तर सुरू झाले, बाईंनी पुन्हा मला दाबले, आणि काका पुन्हा उठले. या वेळी बाई हसल्या नाहीत.

"काका, तिथं असं केलंत तर संपलं. ते म्हणतील, याला उठबस करण्याशिवाय काही येत नाही. त्यांना या जागेला वेगळा माणूस हवाय. तेवढा वेळ तुम्ही शिपाई नाही, उमेदवार आहात. घंटी वाजली तरी उठायचं नाही."

"पण वाजली म्हणजे कोणाला तरी काहीतरी हवं असणार ना?"

"असू दे. बघतील ते."

त्या दिवसापासून बाई प्रश्न विचारायच्या आणि मध्येच मला दाबायच्या, दहा वेळा, वीस वेळा. काका खुर्चीचे हात गच्च धरायचे. त्यांचे गुडघे उसळायचे, मान दाराकडे वळायची, कपाळावर घाम यायचा. सव्वीस वर्षांची सवय अंगातून उपटून काढणे सोपे नव्हते. पण आठव्या दिवशी मी घसा फोडून ओरडले तरी त्यांची पापणीसुद्धा हलली नाही. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मलाही आनंद झाला. मुलाखतीच्या दिवशी दाराबाहेर शिपाई कोण असेल, हा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

त्या सकाळी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. नेहमीसारखे मला पुसले, पाण्याचा जग भरून दाराजवळच्या स्टुलावर ठेवला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. अर्ज केलेले आठ जण होते आणि काकांचा नंबर पाचवा. पहिल्या चौघांना त्यांनीच पाणी दिले, धीर दिला आणि आत सोडले. पाचव्या टोलाला ते स्वतः आत आले.

"अरे, पुढच्याला पाठव ना," मधले साहेब म्हणाले.

"साहेब, पुढचा मीच."

साहेबांनी कागद वर-खाली केले. "हो की. बसा."

हे साहेब येऊन बारा वर्षे झाली होती, पण त्यांनी काकांना 'बसा' म्हटल्याचे मी प्रथमच ऐकले. काका बसले, कडेला नाही, नीट पाठ टेकून. साहेबांच्या एका बाजूला नव्या मालकांनी पाठवलेल्या मॅडम होत्या आणि दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेले एक सल्लागार. स्वतःबद्दल काका इतके छान बोलले की सल्लागारांनी मान डोलावली. मला वाटले, जमले. साहेबही खुशीत होते, त्यांनी बशीतले एक बिस्कीट उचलून तोंडात टाकले.

मॅडमनी विचारले, "तुमचा सगळ्यात मोठा गुण कोणता?"

"मॅडम, मला काम सांगावं लागत नाही," काकांनी सुरुवात केली आणि तेवढ्यात साहेबांना ठसका लागला. बिस्किटाचा कण घशात अडकला होता. त्यांना बोलता येईना. सवयीने त्यांचा हात माझ्याकडे आला आणि त्यांनी मला दाबले.

दोन टोल. पाणी.

काकांचा गुडघा उसळला. त्यांनी खुर्चीचे हात धरले. बोटे पांढरी पडली. "समोरच्याला काय हवंय, ते मी त्याच्या तोंडाकडे बघूनच ओळखतो," ते म्हणाले. नजर मॅडमवर, जशी बाईंनी शिकवली होती.

साहेबांचे डोळे पाण्याने भरले. त्यांनी मला पुन्हा दाबले. मी ओरडले. मित्रांनो, मी काय करणार? मला दुसरे काही येतच नाही. मला सांगायचे होते, काका उठा, ही तालीम नाही, हे खरे पाणी आहे. पण माझ्या तोंडून निघाले ते पुन्हा तेच, टिंग टिंग.

"सव्वीस वर्षांत," काका म्हणाले, "मला दोनदा हाक मारायची वेळ कधी कोणावर आली नाही."

दार उघडले. बाहेर बसलेल्यांतला पुढचा उमेदवार आत आला, थकल्या चेहऱ्याचा, पस्तिशीचा माणूस. त्याने स्टुलावरून पेला भरला आणि साहेबांपुढे ठेवला. "माफ करा हं, घंटी वाजत होती आणि बाहेर शिपाई कोणी नव्हता," म्हणाला आणि गेला. साहेब पाणी प्यायले, डोळे पुसले. "चालू द्या," म्हणाले. पुढचा प्रश्न पाच वर्षांचा होता. काकांनी त्याचेही उत्तर एक शब्द न चुकता दिले. मॅडमनी कागदावर काय लिहिले ते मला इतक्या जवळून दिसले: 'घंटी वाजली तरी जागेवरून हलले नाहीत.'

काका बाहेर गेले. दार पुरते लागले नव्हते, म्हणून पुढचे मला ऐकू आले, आणि ते ऐकू आले नसते तर मी या खणात जरा सुखाने पडले असते.

"ताई!" त्यांचा आवाज आनंदाने फुटत होता. "घंटी वाजली! खरोखरच वाजली. साहेबांना ठसका लागला, चार टोल पडले, पण मी हललो नाही. काय सांगू, जीव तुटत होता हो. पण नाही उठलो!"

 बाई म्हणाल्या, "छान केलंत काका."

तीन दिवसांनी निकालाचा कागद बाईंनाच टाइप करावा लागला. पाणी आणणाऱ्या माणसाची निवड झाली. त्याला दोष देऊ नका, तो दीड वर्ष घरी बसून होता. साहेबांनाही वाईट वाटले असावे, कारण काकांशी बोलताना ते खिडकीबाहेर बघत होते. काकांनी बाईंना एवढेच विचारले, "कुठं चुकलो असेन हो?" बाई म्हणाल्या, "तुमचं काही चुकलं नाही." ते खरेही होते. पण का हरलात, हे त्यांनी सांगितले नाही, आणि काकांना ते अजून माहीत नाही.

शेवटच्या दिवशी काकांनी नव्या माणसाला एक टोल, दोन टोल, तीन टोल सगळे समजावून दिले आणि मला पुसले. महिन्याभरात त्यांनी खोल्या सोडल्या. बाई एकदा त्यांच्या नव्या घरी जाऊन आल्या. घर तिसऱ्या मजल्यावर आहे. काकूंना दोन माणसांनी खुर्चीत बसवून वर नेले. तेव्हापासून त्या खाली उतरलेल्या नाहीत, खिडकीशी बसून असतात. बाई हे साहेबांना सांगत होत्या, तेव्हा मी ऐकले. सांगून झाल्यावर बाईंनी मला उचलले, फडक्यात गुंडाळले आणि या खणात अगदी मागे सारून दिले. साहेबांनी विचारले तर म्हणाल्या, "बिघडली आहे." मी बिघडलेली नाही. पण बाईंचा मला राग आला नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातले काही जण टेबलाच्या त्या तीन खुर्च्यांत बसतील आणि समोरच्याला त्याचे गुण विचारतील. जरूर विचारा. पण जो माणूस सव्वीस वर्षे तुमच्या दारात उभा आहे, त्याचे गुण तुम्हाला त्याच्या तोंडून ऐकावे लागत असतील, तर त्याच्या कागदावर काही लिहिण्याआधी थोडे थांबा. काका हलले नाहीत, हे मॅडमनी लिहिले. पाण्याचा जग टेबलापासून आठ पावलांवर होता. साहेब खोकत होते तेव्हा मॅडम हलल्या नाहीत, सल्लागारही हलले नाहीत. ते कोणी लिहिले नाही.