बिनवैमानिकाची फेरी

सैन्यात असताना तिने अशाच बिनवैमानिकाच्या हेलिकॉप्टरने डोंगरावरच्या चौक्यांना पीठ, रॉकेल, काडतुसांच्या पेट्या पोचवल्या होत्या. पेट्या बोलत नाहीत. आज बचावपथकाच्या खोलीत पडद्यासमोर बसून ती पहिल्यांदाच माणूस आणत होती, आणि तोही चांगलाच बोलका.

दरड कोसळून वरच्या वस्तीचा रस्ता तुटला होता. धुकं असं, की त्यात पायलट पाठवायला कुणी धजेना. वस्तीतल्या एका म्हातारबाबांचं खुब्याचं हाड मोडलेलं. शेजाऱ्यांनी त्यांना स्ट्रेचरवर आवळून आत सरकवलं. जागा एकाचीच, त्यामुळे त्यांची बायको, आजी, मागे राहिल्या.

"अरे, पुढे कुणीच नाही!" हेलिकॉप्टर वर उठलं तसे म्हातारबाबा ओरडले.

"मी आहे ना, आजोबा. माइकवर बोलतेय."

"तू कुठे बसलीयस?"

समोरच, असं सांगून टाकावं, असं क्षणभर तिच्या ओठांवर आलं. पण तिने ते गिळलं. "खाली पथकाच्या खोलीत. खुर्चीवर."

"वा! म्हणजे पडलो तर मी एकटाच पडणार."

"खरंय. म्हणून तर माझे हात थरथरताहेत."

पंख्याच्या घरघरीतून त्यांचा आवाज आला, एकदम मऊ. "घाबरू नकोस, पोरी. सावकाश चालव. मला कुठे कचेरी गाठायचीय?"

वाऱ्याने हेलिकॉप्टर कलंडलं, तिने सावरलं. म्हातारबाबा कण्हत म्हणाले, "असंच. छान जमतंय तुला." पुढची सगळी वाट ते तिलाच धीर देत राहिले. लग्नानंतर बायकोला सायकल शिकवताना आपणच कसे गटारात पडलो, तेही सांगून झालं. ती हसली आणि हात आपोआप स्थिरावले.

हेलिकॉप्टर उतरल्याबरोबर ती खुर्ची सोडून धावत मैदानात गेली. पथकातली माणसं पट्टे सोडत होती. म्हातारबाबांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"एवढीशी आहेस होय! मला आवाजावरून धिप्पाड वाटलीस." मग तिचा हात घट्ट धरून ते हळूच म्हणाले, "आता तिला आण. रागावून बोलेल, मनावर घेऊ नकोस. मी दिसेनासा झालो की ती अशीच करते."

तिने डोळे पुसले, इंधन भरायला सांगितलं आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसली.

आजी खरंच रागावून बोलल्या, अगदी जमिनीला टेकेपर्यंत.