फर्गलची फुंकर

नुसते बघितलेत तर तुम्हाला मी एखादा सुकून गेलेला बटाटा वाटेन. पण मित्रांनो, मी चेंडू आहे. एक जुना, चामड्याचा, हाताने शिवलेला चेंडू. ड्रमशील गावात, गिलरेनांच्या स्वयंपाकघरात, निळ्या ताटल्यांच्या मांडणीवर मी बसलेला असतो. खाली पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या ढेकळांचा, विस्तव असतो आणि विस्तवापाशी मॅलकी गिलरेन. तो आता फार म्हातारा झाला आहे. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत दिवस काढतो.

माझा जन्म बाजारगावातल्या एका खोगीर शिवणाऱ्याच्या दुकानात झाला. गावोगाव ट्रॅक्टर आले, घोडे कमी झाले, तसे त्या माणसाचे हात रिकामे पडले. मग तो चेंडू शिवू लागला. जाड सुई, मेणाचा दोरा, आणि खोगिराला वापरतात तेच पिवळसर चामडे. माझ्या पोटात रबराचा फुगा होता. त्याला एक नळी होती. त्या नळीतून तोंडाने हवा भरायची, नळी दुमडून बांधायची, आत सारायची आणि वरून चामड्याच्या वादीने तोंड आवळून टाकायचे. सांगायला सोपे वाटते, पण चांगला टणक चेंडू फुगवायला छाती लागते. साऱ्या ड्रमशीलमध्ये तशी छाती एकाचीच होती. मॅलकीचा धाकटा भाऊ फर्गल.

अंगाने काटकुळा, केस लालसर, आणि ओठांवर सदा शीळ. तो मला मांडीत घेऊन बसायचा आणि गाल फुगवून फुंकायला लागायचा, तेव्हा त्याची आई म्हणायची, "बघा बघा! चूल फुंक म्हटलं की याला खोकला येतो. चेंडू म्हटलं की फुफ्फुसं घोड्याची!"

"चूल काय आई, जागची हलत नाही," फर्गल म्हणायचा. "फुंकर अशा गोष्टीत घालावी, जी उडेल."

थोरला मॅलकी गाईंच्या मागे असायचा. उंच, रुंद, मोजके बोलणारा. मैदानाच्या मधोमध तो उभा राहिला की मी आपोआप त्याच्याकडे ओढला जायचो. आमच्या खेळात चेंडू हातात झेलतात आणि पायाने मारतात. गोलखांबांच्या आडव्या दांडीवरून गेला की एक गुण, खाली जाळ्यात गेला की तीन. मॅलकी उडी घ्यायचा, चारपाच जणांच्या डोक्यांवरून मला झेलायचा, आणि मान वर न करताच फर्गलकडे लाथाडायचा. फर्गल कुठे असेल ते त्याला बघावे लागत नसे. शीळ ऐकू येई.

आमचे मैदान तळ्याच्या काठी होते. एका शेतकऱ्याचे कुरण, सामन्याआधी गाई हाकलायच्या आणि शेण उचलायचे. अंतिम सामना शेजारच्या किलारा गावाशी होता. त्यांच्या बचावफळीत टर्लो मॅक्गोवन नावाचा एक लालबुंद गडी होता. त्याचा पाय बरा होता, पण जीभ पायापेक्षा जोरात चालायची. सामनाभर तो मॅलकीच्या कानाशी लागला होता, आणि मॅलकीचेही उत्तर ठरलेले होते.

"गिलरेन! देवानं हे हात चेंडू धरायला दिलेत की धार काढायला?"

"तोंड मीट टर्लो, माशी जाईल!"

काठावरची माणसे पोट धरून हसत होती. पाऊस मात्र थांबायला तयार नव्हता. पाणी पिऊन पिऊन मी धोंड्यासारखा जड झालो होतो. शेवटी शेवटी आम्ही एका गुणाने मागे होतो. मॅलकीने मला झेलले, शीळ आली, त्याने मला तिकडे फेकले. फर्गलने मला धावता धावता पायावर घेतले आणि मारले. मी नीट निघालो होतो, मित्रांनो. शपथेवर सांगतो, नीट निघालो होतो. पण ओल्या चामड्याला वाऱ्याने किंचित कलवले आणि मी खांबावर आदळून बाहेर पडलो.

आम्ही हरलो. मॅलकी चिखलात बसून राहिला. फर्गल मात्र मला काखेत मारून त्याच्यापाशी आला आणि म्हणाला, "ऊठ. पुढच्या वर्षी यांना रडवू."

पुढच्या वर्षी मैदानात उतरायला पोरेच उरली नाहीत. वसंतात एकेक जण बोटीत बसून इंग्लंडला कामाला जाऊ लागला. फर्गलही निघाला. निघायच्या सकाळी त्याने माझी वादी सोडली, आतली शिळी हवा काढून टाकली आणि नव्याने फुंकायला लागला. इतका वेळ फुंकली की त्याच्या डोळ्यांत पाणी आले. वादी घट्ट आवळून त्याने मला मॅलकीच्या हातात दिले.

"मी येईपर्यंत पुरेल एवढी भरलीय," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाला फुंकू देऊ नकोस. किलारावाल्यांच्या तोंडाला कांद्याचा वास येतो."

फर्गल परत आला तो लाकडाच्या पेटीतून. तिकडे एका इमारतीच्या पायासाठी खणलेला चर ढासळला आणि तो आत होता. मृत्यू झालेल्या घरात आमच्याकडे करतात तसे घड्याळ थांबवले गेले, आरशावर चादर टाकली गेली. शेजारच्या बाया चहा करत राहिल्या, पुरुष भिंतीला टेकून हळू आवाजात बोलत राहिले. कोणीतरी मला पेटीच्या झाकणावर ठेवले. खाली तो निश्चल पडलेला, आणि वर मी, त्याच्या श्वासाने टणक फुगलेला. ती घटका मी आजवर विसरलेलो नाही.

मॅलकीने मला उचलून मांडणीवर ठेवले आणि त्यानंतर तो कधी खेळला नाही. एकदा गावातले दोघे जण मला मागायला आले.

"मिळणार नाही," मॅलकी म्हणाला. "त्याच्यात हवा आहे."

"हवा आहे म्हणूनच तर हवाय ना, मॅलकी!"

मॅलकीने दार उघडून धरले. ते दोघे गेले आणि त्यांनी दुसरा चेंडू घेतला.

मग वर्षे गेली. मॅलकीचे लग्न झाले, डिम्पना नावाची मुलगी झाली. माझ्या टाक्यांमधून हवा थोडी थोडी झिरपत होती. दर हिवाळ्यात मी जरासा आक्रसायचो. मॅलकी अधूनमधून अंगठ्याने मला दाबून बघायचा आणि ठेवून द्यायचा. एके वर्षी त्याने दाबले, अंगठा आत रुतला आणि तसाच राहिला. त्यानंतर त्याने मला दाबायचे सोडून दिले.

तळ्याकाठचे कुरण विकले गेले. नव्या मालकाने तिथे स्प्रूसची उंच सूचिपर्णी झाडे लावली, इतकी दाट की खाली गवत उगवत नाही आणि पाखरेही फिरकत नाहीत. तळ्यावरून वारा सुटला की त्या झाडांतून असा आवाज येतो, जणू काठावर माणसे गोळा झाली आहेत आणि कोणीतरी चेंडू घेऊन धावत सुटले आहे. तुम्हाला खरे वाटणार नाही. पण त्या आवाजाला मी या मांडणीवर बसूनही दचकतो, आणि मॅलकीही मान वर करतो.

बायको गेल्यावर मॅलकीच्या आठवणी विस्कटू लागल्या. डिम्पना शहरातली नोकरी सोडून घरी आली. संध्याकाळ झाली की तो तिला विचारायचा, "फर्गल आला का गं?"

सुरुवातीला ती खरे तेच सांगायची. "फर्गलकाका गेले, बाबा. केव्हाच गेले."

मॅलकीला ती बातमी दर वेळी नवीन असे. तो उठून आरशावर टॉवेल टाकायचा आणि भाऊ आजच गेल्यासारखा रडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डिम्पनाला ते बघवेना. मग ती म्हणू लागली, "येतील हं." ते तर जास्तच वाईट झाले. मॅलकी दार सताड उघडे टाकून बसायचा, थंडीने निळा पडला तरी बंद करू द्यायचा नाही, आणि ताटातला घास भावासाठी बाजूला ठेवायचा. घरी येणारी नर्स म्हणाली, "गावातल्या वृद्धाश्रमात खोली रिकामी होतेय. विचार करा." डिम्पना त्या दिवशी गोठ्यात जाऊन रडली; खिडकीतून मला ऐकू आले. तिने मला कोणाला सांगू नकोस म्हटले नव्हते, म्हणून सांगतो.

नोव्हेंबरातली दुपार होती. डिम्पना गोठ्यात वासराला बाटलीने पाजत होती. मॅलकी उठला, मांडणीपाशी आला आणि त्याने मला उचलले. कितीतरी वर्षांनी! त्याची बोटे माझ्या वादीवर बरोबर जागच्या जागी बसली. मला काखेत मारून, कोट न घालता, तो रस्ता ओलांडून त्या झाडांत शिरला.

आत दिवसासुद्धा अंधारलेले असते. पायाखाली सुयांसारख्या पानांचा गुबगुबीत थर, पावलाचा आवाज होत नाही. सगळ्या रांगा सारख्याच, तरी मॅलकी कुठेही न अडखळता एका जागी जाऊन उभा राहिला. तो जुन्या मैदानाचा मध्य होता, हे त्याला कळले आणि मलाही.

"फर्गल!" त्याने हाक मारली.

रांगांच्या पलीकडून शीळ आली. वाराच असेल, मित्रांनो. पण मी पैज लावणार नाही.

मॅलकीने मला लाथ मारली. पोटात हवा नाही, मी दोन हात अंतरावर भदकन पडलो. त्याने मला पुन्हा उचलले आणि तो शिळेच्या दिशेने चालू लागला. त्या बाजूला तळे होते. झाडे संपतात तिथे काठ नाही, नुसती दलदल आहे, आणि तिच्यापुढे खोल काळे पाणी. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो.

मागून डिम्पनाच्या हाका येऊ लागल्या. "बाबा! बाबा, कुठे आहात?" मॅलकीला त्या ऐकू येत होत्या, पण तो वळला नाही. त्याच्या घोट्यांना पाणी लागले. तरी तो पुढेच निघाला.

झाडांच्या कडेला किलाराचा तोच टर्लो मॅक्गोवन राहतो. डिम्पनाने त्याचे दार बडवले असणार, कारण थोड्या वेळाने त्याच्या काठीचा आणि खोकल्याचा आवाज आला.

"काय म्हणून हाक मारतेस त्याला?" टर्लो विचारत होता.

"बाबा म्हणून. दुसरं काय म्हणू, टर्लोकाका?"

"तो आत्ता कोणाचा बाबा नाही, पोरी. सरक जरा." आणि मग त्या म्हाताऱ्या छातीतून, कुठून आली कोण जाणे, मैदानातली ती आरोळी आली. "गिलरेन! देवानं हे हात चेंडू धरायला दिलेत की धार काढायला?"

मॅलकी थबकला. पाणी त्याच्या पिंढऱ्यांपर्यंत आले होते. तो गर्रकन वळला.

"तोंड मीट टर्लो, माशी जाईल!"

"मिटव की येऊन! का भ्यालास?"

मॅलकी चिखल तुडवत, शिव्या घालत उलट निघाला. एका पडलेल्या खोडापाशी दोघे समोरासमोर आले. मॅलकीने टर्लोला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"काय रे तुझी ही दशा? म्हातारा झालास!"

"आणि तू काय पाळण्यात झोपतोस?"

दोघेही हसले. डिम्पनाने धावत येऊन आपला कोट वडिलांच्या खांद्यांवर टाकला. तिचे दात वाजत होते. मॅलकीने इकडे तिकडे पाहिले.

"फर्गल कुठाय? शीळ ऐकली मी त्याची."

डिम्पनाला ठरवता येईना. गेले म्हणावे की येतील म्हणावे? टर्लो खोडावर बसला आणि त्याने मॅलकीलाही हाताला धरून शेजारी बसवले.

"आधी मला एक सांग," तो म्हणाला. "तो शेवटचा फटका त्यानं मारला कुठून? आमच्यात अजून भांडणं आहेत त्यावरून."

"डावीकडून. त्यात भांडायचं काय?" मॅलकी सांगू लागला. फटका सांगितला, खांब सांगितला, पाऊस सांगितला. मग न विचारताच बोट आली, इंग्लंड आले. त्याचा आवाज हळूहळू खाली गेला. "मग तो चर पडला," तो म्हणाला. "आपण त्याला याच रस्त्यानं नेला ना, टर्लो? चिखल केवढा होता. तू डाव्या बाजूला होतास."

"होतो."

"तुझा बूट रुतून बसला होता."

"तिथंच राहिला तो. चर्चपर्यंत मी एका पायानं अनवाणीच आलो."

"थांबून काढायचास की, मूर्खा."

"खांदा काढला असता तर फर्गल कलला असता."

मॅलकीने टर्लोचा हात धरला आणि तो रडला. पण मित्रांनो, हे रडणे बातमी कळलेल्या माणसाचे नव्हते. खूप दिवस ठाऊक असलेले दुःख जसे रडतात, तसा तो शांतपणे रडला. त्या दिवशी घरी आल्यावर त्याने आरसा झाकला नाही. दारही त्याने स्वतःच लावून घेतले.

वृद्धाश्रमातली खोली दुसऱ्या कोणाला मिळाली. टर्लो रविवारी प्रार्थना आटोपली की येतो आणि चहात बुडवलेल्या पावाचे तुकडे मिशीला लावून घेतो. मॅलकी अजून विचारतो, "फर्गल आला का गं?" आता डिम्पना खुर्ची ओढते आणि म्हणते, "ते कसे होते, सांगा ना बाबा." काही दिवशी तो सांगत सांगत शेवटापर्यंत पोहोचतो. काही दिवशी अर्ध्या वाटेत, पावसाच्या मैदानातच राहतो. तिथेही तो एकटा नसतो.

म्हणून माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. तुमच्याही घरात एखादा माझ्यासारखा चोळामोळा झालेला जिन्नस असेल. तो पुसला नाहीत तरी चालेल. पण त्याच्याकडे बघत बसणारे माणूस कोणा गेलेल्याची चौकशी करू लागले, तर उत्तर द्यायची घाई करू नका. जवळ बसा आणि विचारा. ऐकता ऐकता अंधार पडला तर पडू द्या. दिवा लावायला उठलात, तर त्या गेलेल्याची गोष्ट अर्धीच राहून जाते.