झिसिसचा दम

लांब्रोसने क्लॅरिनेटची पत्ती तोंडातून काढली, खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा जिभेखाली सरकवली. समोर गावच्या सांस्कृतिक मंडळाच्या संगीतशाळेचे विद्यार्थी अर्धवर्तुळात बसले होते, प्रत्येकापुढे स्वरलिपीचा कागद. मरियामातेची जत्रा दोन दिवसांवर आली होती, आणि कारिया गावची जत्रा विलापाने सुरू होते. आधी मेलेल्यांसाठी वाजवायचं, मग जिवंतांनी नाचायचं. गावचा विलाप म्हणजे लांब्रोसच्या बापाचा, झिसिसचा. यंदा तो विलाप लांब्रोस या सगळ्यांसोबत वाजवणार होता आणि त्याचं रेकॉर्डिंग यानिना शहरातल्या संग्रहालयात कायमचं जाणार होतं.

"तिसऱ्या ओळीत दम विसरायचा नाही," दानाईने हात वर करून बजावलं. ती यानिनाहून येणारी संगीतशिक्षिका. पोरगी मनाने इतकी चांगली, की तिच्यावर धड रागावताही येत नसे.

सूर उठले. तिसरी ओळ अर्ध्यावर आली, तशी डफ घेऊन बसलेल्या मुलीने एकच थाप मारली आणि सगळी वाद्यं एकदम गप्प झाली. लांब्रोस एकटाच पुढे वाजवत राहिला.

"काका, दम! पुन्हा विसरलात."

लांब्रोसने क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. "विलापाला डफ कशाला लागतो?"

"आपल्या गावच्या विलापाला आहे ना. दुसरीकडे कुठेच नाही, म्हणून तर मोल आहे त्याला. एकसष्ट सालच्या टेपवर अगदी स्पष्ट ऐकू येतं. एक थाप, मग चार मोजेपर्यंत शांतता, मग खर्जातले तीन सूर, जरासे उतरलेले. जसंच्या तसं उतरवून घेतलंय मी."

"उतरलेले सूरसुद्धा?"

"तेच तर जपायचंय, काका."

मागे भिंतीला टेकून मंडळाचे अध्यक्ष पेरिक्लिस उभे होते. त्यांच्या डोक्यावर त्यांच्या वडिलांची, लाकूड गिरणीवाल्या आपोस्तोलिसची मोठी तसबीर होती. सभागृहही त्यांच्याच नावाचं. "पाहुणे त्या शांततेसाठी गाड्या करून येतात, लांब्रोसकाका," ते म्हणाले. "पुस्तिकेत छापलंय आपण. परदेशी गेलेल्या लेकरांसाठी गावाने घेतलेला दम!"

लांब्रोस क्लॅरिनेट पेटीत ठेवू लागला. चाळीस वर्षं त्याने हा विलाप जत्रेत अख्खा वाजवला होता आणि तेव्हा बायाबापड्या रडल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी टेप सापडली आणि त्या दिवसापासून त्याच बाया म्हणू लागल्या, लांब्रोसला बापाचं नीट येत नाही.

घरी त्याची बायको पोलिक्सेनी पिठाच्या परातीशेजारी रानभाजी निवडत होती. त्याने टोपी खुंटीला लावली आणि तिच्यासमोर बसला.

"टेपवरची ती थाप म्हणे," तो म्हणाला. "डफाची."

तिचे हात थांबले. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने तिला ते एकदाच सांगितलं होतं, त्यानंतर कधी विषय निघाला नव्हता.

एकसष्ट सालच्या त्या जत्रेत लांब्रोस आठ वर्षांचा होता. चिनाराखाली बापाशेजारी बसला होता आणि त्याचा डफ मांडीवर पालथा पडला होता. विलापाला डफ वाजत नाही, हे वाजंत्र्यांच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक असतं. शहरातून आलेला एक साहेब टेपचं यंत्र लावून समोर बसला होता. तिसरी ओळ चालू असताना आपोस्तोलिस उठला. त्याला नाचायचं होतं आणि हे रडगाणं काही संपत नव्हतं. तो मागून आला आणि झिसिसच्या मानेवर त्याने अशी एक ठेवून दिली, की क्लॅरिनेट त्याच्या दातांवर आपटलं. तोंडाने एक शब्दही बोलला नाही. यिफ्त्याशी बोलायचं काय? वाजंत्र्यांच्या जातीला गावात यिफ्ताच म्हणत. हाक तीच आणि शिवीही तीच. हसायलासुद्धा कुणाला सुचलं नाही. मग झिसिसने फुटलेल्या ओठांनी तीन सूर चाचपून काढले आणि विलाप पुरा केला.

नंतर साहेबाने विचारलं, मध्येच थांबलात कशाला? झिसिसने तोंडातलं रक्त गिळलं आणि तो हसला. "दम घेतला, मालक." साहेबाने वहीत लिहिलं, दम.

"मार कुणाचा, नाव कुणाचं आणि सभागृह कुणाचं!" पोलिक्सेनीने भाजीचं देठ मोडून फेकलं. "सांगून टाक त्या पोरीला. गाव चापट जपतंय म्हणावं."

"काय सांगू? माझा बाप खोटं बोलला? सगळ्या गावासमोर मार खाल्ला, तो त्याने एका शब्दाखाली झाकला. मी झाकण काढू?"

"मग घे दम. मोज चार आणि वाजव."

"नाही घेणार," लांब्रोस म्हणाला. "घरात बाप अख्खा वाजवायचा. संग्रहालयात ठेवायचाय ना, मग अख्खाच ठेवा."

पोलिक्सेनीने भाजी बाजूला सारली. मग ती उठली आणि तिने त्याचा पांढरा सदरा इस्त्रीसाठी काढून ठेवला.

जत्रेच्या दिवशी प्रार्थना आटोपून सगळं गाव चिनाराखाली जमलं. लांब्रोस मधोमध बसला, बाप बसायचा तिथेच. तिसरी ओळ आली. डफाची थाप पडली तशी त्याची मान आपोआप आखडली, सगळी वाद्यं थांबली, आणि पुस्तिका वाचून आलेल्या पाहुण्यांनी माना खाली घातल्या. लांब्रोस वाजवत राहिला. बापाची तुटलेली ओळ त्याने हळूहळू खाली आणली, कुठे न अडखळता, आणि त्याचा जीव सुपाएवढा झाला. पहिल्या बाकावरून कुणीतरी "शूः" केलं. शेजारची बाई कुजबुजली, "म्हातारपण वाईट हो."

विलाप संपला, टाळ्या झाल्या. पेरिक्लिस हसतहसत मागून आले आणि त्यांनी लांब्रोसच्या मानेवर प्रेमाने थाप मारली.

"काका, दम घ्यायला विसरलात की! चालायचंच, वय झालं आता."

आजूबाजूचे हसले. लांब्रोसचे खांदे कानापर्यंत चढले होते, ते खाली यायला वेळ लागला.

"विसरलो, मालक," तो म्हणाला. आवाज हुबेहूब बापाचा निघाला. त्याला स्वतःचीच किळस आली.

दानाई गळ्यात हेडफोन अडकवून धावत आली. "अजिबात वाईट वाटून घेऊ नका, काका. जुन्या टेपवरचा तेवढा तुकडा काढून मी इथे बसवते. थाप, शांतता, तिन्ही सूर. कुणाला कळणारसुद्धा नाही."

 लांब्रोस रुमालाने क्लॅरिनेटचं तोंड पुसत राहिला.

"फक्त एक नोंद राहिलीय," तिने वही उघडली. "संग्रहालयाला वादकांची नावं हवीत. तेव्हा डफ तुमच्याकडे होता ना? ती थाप तुमचीच असणार. आठ वर्षांचं पोर, आणि किती नेमकी पडलीय!"

पेरिक्लिसांचा हात आता त्याच्या खांद्यावर होता. लांब्रोसने रुमालाची घडी घातली.

"ती माझी नाही," तो म्हणाला. "लिही, आपोस्तोलिस."

दानाईने लिहिलं. डफ, आपोस्तोलिस. खाली रेघ मारली.

"काय सांगता!" पेरिक्लिसांचे डोळे भरून आले. "आमचे बाबा डफ वाजवायचे? घरात कुणी कधी बोललं नाही हो."

"नेहमी नाही," लांब्रोस म्हणाला. "त्या दिवशी एकदाच."