शकुंतलाबाईंच्या जावयाचा रेडिएटर

माणसाचं काळीज आणि गाडीचं इंजिन, दोन्ही तापू देऊ नये, असं इंद्रकुमार कटरे गंभीर चेहऱ्याने सांगत असे. त्यातली इंजिनाची बाजू तो स्वतः सांभाळायचा.

देवरीच्या कॉलेजात तो हेडक्लार्क. रायपूरहून जुनी कार आणल्यापासून त्याचा एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा तापमानाच्या काट्यावर असे. मे महिन्यात सासूबाई शकुंतलाबाई जुलाबांनी गळाल्या, वर तापाने फणफणल्या, तेव्हा बायको म्हणाली, "एकशे आठले फोन लावा जी."

"दारात कार उभी असताना अँब्युलन्स? लोक काय म्हणतील, हर्षा?"

लोक काही म्हणणार नव्हते. भर दुपारी लोक कूलरपुढे झोपले होते.

तापातल्या माणसाला हवा लागू नये म्हणून सासूबाईंना शाल गुंडाळली, कान बांधले, काचा चढवल्या. उन्हाची लू लागू नये म्हणून काखेत कांदा ठेवला. एसीने इंजिनावर लोड येतो, म्हणून एसी बंद. हर्षा मागे मायचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिचा भाऊ मुन्ना पुढे, मोबाइल घेऊन.

गोंदियाच्या वाटेवर, आमगावच्या अलीकडे काटा एकदम टोकाला गेला.

"जिजाजी, काटा फुल!"

इंद्रकुमारने गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालूच ठेवून बोनेट उघडलं. रेडिएटरचा पंखा स्वस्थ उभा होता. मुन्नाने फ्यूज उपसला, फुंकला, परत बसवला. रिलेला दोन टपल्या मारल्या.

"फॅन फिरूनच नाही राहिला. मेला."

इंद्रकुमारने मागच्या सीटवरची बाटली उचलली.

"अहो, ते मायचं साखर-मिठाचं पाणी होय!"

"इंजिन सीज झालं तर तुझ्या मायले काय खांद्यावर नेऊ?"

बाटली रेडिएटरवर रिकामी झाली. वाफ काही आली नाही. "कसं गटागटा प्यायला पाहा," मुन्ना कौतुकाने म्हणाला.

मग त्याने व्हिडिओ शोधला. पंखा बंद पडला तर हीटर फुल करावा, इंजिनाची गरमी आत ओढली जाते.

"आत मंजे आमच्या अंगावर?" हर्षाने विचारलं.

"गाडी वाचते ना, ताई."

हीटर सुरू झाला. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं, आणि आत त्याहून वाईट होतं. हर्षाने काच थोडी खाली केली.

"मायले हवा लागंल ना, ताई!" मुन्ना ओरडला.

हर्षाने काच वर केली. तापात हवा लागू द्यायची नसते, हे तिला मायनेच शिकवलं होतं.

"जावईबापू," शालीतून आवाज आला, "गाडीत चूल काऊन पेटवली जी?"

"जरा कळ काढा, आई. काटा खाली येऊ द्या."

काटा खाली आला नाही. वरही गेला नाही. वर जागाच नव्हती. तेवढ्यानेही इंद्रकुमारला धीर आला. आमगाव मागे पडलं. शकुंतलाबाईंनी पाणी मागितलं. पाणी नव्हतं, आणि गाडी थांबवली तर इंजिन आणखी तापेल, असं मुन्नाचं मत पडलं. त्यांनी पुन्हा मागितलं. मग मागायच्या थांबल्या.

"झोप लागली मायले," हर्षा म्हणाली.

"बरं झालं. प्रवास जाणवत नाही," इंद्रकुमार म्हणाला.

गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी शालीला हात लावला आणि लगेच मागे घेतला. मग नाडी पाहिली. बराच वेळ पाहिली.

"हे असं कशाने झालं?"

"साहेब, रस्त्यात गाडी गरम झाली," इंद्रकुमार घाम पुसत म्हणाला, "पण एकदाही बंद पडू दिली नाही."

डॉक्टरांनी तीच शाल ओढून शकुंतलाबाईंचं तोंड झाकलं.

तेरवीला पाहुण्यांनी जावयाचं कौतुक केलं. सख्ख्या पोरानेही इतकं केलं नसतं, असं मुन्नाच्या देखत बोलले. मुन्नाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची भांडी परत करायला इंद्रकुमार गाडीत बसला. त्याने किल्ली नुसती फिरवली, अजून स्टार्टर मारला नव्हता, तोच काटा टोकाला जाऊन बसला. बोनेटला हात लावला तर ते थंड होतं.

मेकॅनिकने वाकून पाहिलं. काट्याकडे जाणारी वायर घासून पत्र्याला टेकली होती. इंजिन त्या दिवशी तापलंच नव्हतं, म्हणून पंखा फिरला नव्हता.