मध्यंतरातला सत्कार

उदय बर्वे गेली पस्तीस वर्षं इंग्लंडच्या रंगभूमीवर आणि टीव्हीवर वावरत होता, पण इतक्या वर्षांत त्याच्या वाट्याला धड नाव असलेलं पात्र क्वचितच आलं. डॉक्टर, दुसरा डॉक्टर, दुकानदार, मुलीचा संतापलेला बाप. त्याचे वडील कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात खरे डॉक्टर होते. त्यांनी जन्मभर जेवढे पेशंट वाचवले नसतील तेवढे चिरंजीवांनी पडद्यावर घालवले. दारातून आत यायचं, चष्मा काढायचा, 'आय ॲम सो सॉरी' म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. पुढे कॅमेरा रडणाऱ्या गोऱ्या बाईकडे वळायचा. उदय याला करिअर म्हणायचा. घर चालायचं ते बायकोच्या, वरदाच्या, भूलतज्ज्ञाच्या नोकरीवर, पण तो विषय घरात निघत नसे.

एवढं असूनही गृहस्थाचं नाक कायम वर. लेस्टरच्या मराठी मंडळाचं नाव काढलं की ते आणखी वर जायचं. मंडळ म्हणजे निवृत्त दंतवैद्य, साबुदाण्याची खिचडी आणि पार्किंगवरून भांडणं, असं त्याचं मत. ते खोटं नव्हतं. पण त्या खिचडीच्या रांगेतल्या माणसांपेक्षा आपणही कोणी मोठे लागून गेलेलो नाही, हे त्याला कधी सुचलं नाही.

आणि मग साठीच्या उंबरठ्यावर त्याला खरी भूमिका मिळाली. लेस्टरमधल्याच एका थिएटरात नवं नाटक होतं. त्यात एक म्हातारा इंग्रज न्यायाधीश, सर एडमंड, एका निरपराध माणसाला फाशी दिल्याची कबुली दुसऱ्या अंकात आपल्या मुलीपुढे देतो. दिग्दर्शिका म्हणाली, आपण नटाचा रंग बघतच नाही. आजकाल असं म्हणायची तिथे पद्धत आहे. उदयला पद्धतीशी कर्तव्य नव्हतं. त्याला पहिल्यांदाच इंग्रज व्हायला मिळत होतं, आणि त्या सुखात तो घरीसुद्धा चहाचा कप सर एडमंडसारखा धरायला लागला. वरदाने एकदा बघितलं आणि ती भांडी लावायला निघून गेली.

नाटक लंडनला न्यायचं का, हे रोझलिंड नावाची एक निर्माती शनिवारच्या प्रयोगाला येऊन ठरवणार होती. नाटक लंडनला गेलं तर उदयही जाणार. नाही गेलं तर पुन्हा चष्मा काढायचा आणि सॉरी म्हणायचं. आठवडाभर त्याला धड झोप नव्हती.

त्याच शनिवारी वरदाने मंडळाची चाळीस माणसं तिकीट काढून आणून बसवली. बुकिंग थंड होतं, रिकाम्या खुर्च्या दिसल्या तर निर्माती काय विचार करेल, असा तिचा साधा हिशोब होता. उदयने कपाळावर हात मारला.

"वरदा, हे लोक सायलेंट बसू शकत नाहीत!"

"बसतील रे. मी सांगितलंय."

आणि खरंच, पहिला अंकभर मंडळ चिडीचूप बसलं. एक वेफर्सचं पाकीट वाजलं तेवढंच. पडदा पडला, मध्यंतर झालं. उदय ड्रेसिंग रूममध्ये दिवा मालवून डोळे मिटून बसला. कबुलीचा प्रवेश दहा-पंधरा मिनिटांवर होता. इंग्लंडात मध्यंतरात नटाच्या खोलीकडे कोणी फिरकत नाही, पण हे मंडळाला कोण सांगणार? मराठी नाटकाला मध्यंतर दोनच गोष्टींसाठी असतं, बटाटेवडा आणि सत्कार. पुण्याहून नाटक आलं की अध्यक्ष माधवराव गोगटे शाल आणि नारळ घेऊन मध्यंतरात आत शिरणारच. वरदाने त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं. आत जाऊ नका असं सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

स्टेज डोअरच्या माणसाला माधवरावांनी ठोकून दिलं, "वी आर फॅमिली." सहा माणसं आत घुसली.

"उदयराव! अहो, अंधारात काय बसलात?" माधवरावांनी दिवा लावला. "आपल्या मातीतला माणूस इथे एवढा मोठा रोल करतोय, मंडळाचा ऊर भरून आलाय!"

"प्लीज, आता नको. माझी एंट्री आहे."

"दोन मिनिटं हो फक्त! अनुया, ओवाळ."

माधवरावांच्या बायकोने तबक पुढे केलं. फायर अलार्म वाजू नये म्हणून निरांजन बॅटरीवरचं होतं. तेवढी अक्कल शिल्लक होती. सर एडमंडच्या पावडर लावलेल्या कपाळावर तिने ओलं कुंकू चांगलं दाबून लावलं, वर अक्षता चिकटवल्या. शाल खांद्यावर पडली. नारळ हातात आला. माधवराव मराठी रंगभूमीच्या परंपरेवर बोलू लागले, दोघांनी फोटो काढले, आणि तेवढ्यात स्पीकरवरून नटांना रंगमंचावर बोलावणं आलं.

उदयने सगळ्यांना अक्षरशः ढकलून बाहेर काढलं. ओल्या टिश्यूने कपाळ पुसलं तर कुंकू पसरलं, आणखी पुसलं तर भुवयांपर्यंत आलं. आरशात बघून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा मेकअप करायला वेळ नव्हता. तो तसाच गेला.

आणि त्या संतापात त्याने जे काम केलं ते जन्मात केलं नव्हतं. कबुली देताना त्याचा आवाज फाटला. दर वाक्याला त्याला माधवराव दिसत होते. कपाळावर रक्तासारखा लाल डाग घेऊन एक म्हातारा न्यायाधीश मुलीपुढे गुडघ्यावर आला. शेवटी लोक उभे राहिले. इंग्रजसुद्धा.

प्रयोगानंतर रोझलिंड स्वतः आत आली. तिचे डोळे ओले होते.

"तो कपाळावरचा डाग," ती म्हणाली. "पहिल्या अंकात नव्हता. कुणाची कल्पना?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आमच्या लोकांना रीतभात नाही, ते मध्यंतरात आत घुसले आणि ओवाळून गेले. ती हसली असती आणि विषय संपला असता. पण 'आमचे लोक' हे दोन शब्द उदयच्या घशाखाली उतरेनात. जन्मभर ज्यांच्याकडे बघून नाक मुरडलं, त्यांच्या धांदरटपणामुळे आपलं नशीब उघडलं असं या बाईसमोर कबूल करायचं?

"माझी," तो म्हणाला.

"मला वाटलंच! म्हणजे हा न्यायाधीश मुळातला इंडियन. आयुष्यभर इंग्रज असल्याचं सोंग करतो, आणि कबुलीच्या क्षणी कपाळावरची खूण दिसते. उदय, तुम्ही लेखिकेलाही न सापडलेलं नाटक शोधलंत!"

उदयने मान लववली. थोडी लाजल्यासारखी. ते त्याला चांगलं जमायचं.

"नाटक लंडनला नेतेय," रोझलिंड म्हणाली. "आणि न्यायाधीश सरळ इंडियनच करते. त्याचा फायदा बघा. इंग्रज न्यायाधीशाच्या भूमिकेसाठी मुंबईचा मोठा स्टार कोण आणणार होतं? आता आणता येईल. सिनेमातलं नाव असलं की तिकिटं हातोहात जातात."

उदय हसतच होता. चेहऱ्याला अजून निरोप पोचला नव्हता.

"तुम्ही त्याचे अंडरस्टडी व्हाल ना?" तिने त्याचा हात हातात घेतला. "ही भूमिका तुमच्याइतकी कुणाला कळलीय? त्याला तालमीत समजावून सांगा. तो आजारीबिजारी पडला तर त्याच्या जागी उभं राहायला तुम्ही आहातच."

डागाची कल्पना माझी नव्हती, हे आता सांगायची सोय उरली नव्हती. "डिलाइटेड," उदय म्हणाला.

बाहेर फॉयरमध्ये चाळीस माणसं जेवायचं सोडून थांबली होती. वरदा पुढे आली. तिच्या मागून माधवराव.

"काय म्हणाली मॅडम?"

"नाटक लंडनला जातंय."

"आणि तू?" वरदाने विचारलं.

"मी पण जातोय," उदय म्हणाला. हे खोटं नव्हतं.

फॉयरमध्ये अशा टाळ्या पडल्या की बारमधली पोरगी दचकली. वरदा मात्र टाळ्या वाजवत नव्हती. तीस वर्षं पेशंटचे चेहरे बघत आलेली बाई, ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"बस करतो, उदयराव!" माधवराव ओरडले. "आख्खी बस. पुढच्या चार रांगा आपल्या. बाकी कोणी का असेना आजूबाजूला, तुम्ही स्टेजवर पाऊल टाकलंत की पहिली टाळी मंडळाची. शनिवारचाच शो ना?"

दोघांनी तिकिटं काढायला फोन बाहेरही काढले.

"हो," उदय म्हणाला. "शनिवारचाच काढा."