कापडाची दोन टोकं

जावा-जावांचं पटत नाही, असं जग म्हणतं. या दोघींचं पटायचं, आणि त्याला कारण चादरी. लाँड्रीत यंत्रं कितीही येवोत, मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतातच, आणि भांडलेल्या माणसांना ती घालता येत नाही. घालून बघा, कोपऱ्याला कोपरा लागला तर शपथ!

त्यांची रीत ठरलेली होती. थोरली एका टोकाला, धाकटी दुसऱ्याला. चादर ताणून झाली की थोरली हलकासा झटका द्यायची. झटका म्हणजे 'ये'. मग धाकटी चालत यायची, आपले कोपरे थोरलीच्या हातात द्यायची आणि वाकून खालची घडी उचलायची. थोरली जागची हलायची नाही. थोरली होती ना! त्यांचे नवरे, म्हणजे दोघे भाऊ, एकामागून एक गेले. दोघींची लाँड्री मात्र चालू राहिली, आणि ही रीतही.

आता धाकटी लेकाकडे राहायला निघाली होती. रविवारी. लेकानं बोलावलं तेव्हा तिनं विचारलं होतं, "जाऊ का हो, ताई?" थोरली कपड्यांवर पाणी शिंपडत म्हणाली, "तुझं तू बघ." मोडेन पण वाकणार नाही असा तिचा स्वभाव. तेव्हापासून रोज ती मनात 'जाऊ नकोस' घोळवायची, आणि तोंड उघडलं की "नीळ संपत आलीय" असलं काहीतरी बाहेर पडायचं.

प्रदर्शनाचं पत्रक धुवायला आलेल्या डॉक्टरीणबाईंच्या कोटाच्या खिशात सापडलं. समुद्रकाठी कापडाची कला, असं काहीसं लिहिलं होतं. धाकटी म्हणाली, "चला की ताई. जायच्या आधी एकदा दोघी कुठंतरी जाऊन येऊ."

"कापडं बघायला? मग जन्मभर काय बघितलं आपण?" थोरली करवादली. पण शनिवारी सकाळी डबा तिनंच भरला.

बस समुद्राशी थांबली. पूर्वी होड्या ठेवायच्या त्या लांबलचक शेडमध्ये प्रदर्शन होतं. दोघींनी आत पाऊल टाकलं. छतापासून जमिनीपर्यंत कापडंच कापडं लोंबत होती, कोळ्याच्या जाळ्याइतकी पातळ, निळी, राखाडी, काही तर पाण्याच्याच रंगाची. वारा शिरला की सगळी एकदम फुगायची आणि सावकाश खाली बसायची. उजेडसुद्धा त्यांच्याबरोबर हलायचा. चालता चालता धाकटी एका पडद्याआड जायची आणि भलत्याच पडद्यातून बाहेर यायची, कधी निळी होऊन, कधी जवळजवळ दिसेनाशी होऊन. थोरलीला वाटलं, आपण उभ्या उभ्या झोपलो आहोत आणि ही आपल्या स्वप्नात हिंडते आहे. जागं झालं की रविवार. मग गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी आणि आपण, बस्स.

तिला फार भीती वाटली. आता बोललंच पाहिजे.

"ऐक गं," ती म्हणाली.

धाकटी थांबली. "काय हो, ताई?"

"या कापडाची किनार दुमडलेली नाही."

धाकटीनं तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "नाही खरी," ती म्हणाली आणि पुढं निघाली. थोरलीनं मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

मागच्या दारातून बाहेर पडल्या तर वाळूवर एक पांढरं शुभ्र कापड पसरलेलं. दारापासून सुरू होऊन थेट पाण्यापर्यंत गेलेलं. भरती चढत होती. एक लाट आली आणि कापडाचं टोक भिजवून गेली.

"अगंबाई, भिजलं की!" दोघी एकदमच ओरडल्या. मग कसला विचार नि कसलं काय! धाकटी साडी खोचून पाण्याकडे धावली, तिकडचे कोपरे उचलले. थोरलीनं दाराकडचे धरले. ताणलं, वाळू झटकली, झटका दिला. धाकटी चालत आली आणि कोपरे हातात ठेवले. तिचे हात गार पडले होते.

तेवढ्यात रखवालदार धापा टाकत आला. "अहो बाई, काय केलंत हे! ते भिजायलाच ठेवलंय! भरतीचं पाणी चढतं, मिठाचे डाग पडतात, तेच बघायला लोक येतात!"

"डाग?" धाकटीनं तोंडाला पदर लावला.

"डाग काढण्यात हाडं झिजली आमची," थोरली म्हणाली, "आणि इथं तेच बघायला माणसं येतात?"

"होतं तसं पसरून द्या," रखवालदार हात जोडून म्हणाला.

धाकटीनं थोरलीच्या हातातून आपले कोपरे परत घेतले आणि ती पाठमोरी पाण्याकडे निघाली. घडी उलगडत गेली. धाकटी लहान होत गेली. थोरलीनं आजवर तिला फक्त येताना बघितलं होतं. अशी जाताना कधी नीट बघितलीच नव्हती. इतके दिवस अडलेलं एकदम बाहेर पडलं.

"जाऊ नकोस!"

रखवालदार दचकला. "कुठं?"

"तुम्हाला नाही हो!"

धाकटी घोटाभर पाण्यात उभी होती. लाटांच्या आवाजात तिनं ऐकलं की नाही, कळेना. ती वळली. तिनं कापड ताणलं.

आणि हलकासा झटका दिला.

थोरली क्षणभर तशीच उभी राहिली. मग दोन्ही कोपरे घट्ट धरून, रखवालदार मागून ओरडत असताना, ती चालत निघाली. वाळूतून, मग ओल्या वाळूतून, मग चपलांसकट पाण्यात. तिनं आपले कोपरे धाकटीच्या हातात दिले.

"ऐकलंस?"

"ऐकलं." धाकटीचे डोळे भरले होते. "पण परत एकदा म्हणा. पहिल्यांदाच म्हणालात."

"जाऊ नकोस गं. मला करमायचं नाही."

धाकटीनं नाक पुसलं. "लेकाला मात्र तुम्ही सांगायचं."

"सांगते," थोरली म्हणाली, आणि खाली वाकून तिनं घडी उचलली.