भुवयांनी दिलेलं उत्तर

"साहेबलोकांसमोर भुवया उडवत बसू नकोस. तोंडानं बोल," असं लिबोन मावशीनं जोरिनाला बजावलं होतं, चिकनच्या कारखान्यात ती कामाला लागली त्या पहिल्याच आठवड्यात.

"मावशी, कॉलेज इथलंच केलंय मी. मला नको शिकवूस," म्हणून जोरिनानं ते हसण्यावारी नेलं.

मार्शल बेटांवरची माणसं 'हो' म्हणायला भुवया वर करतात. थोरामोठ्यांसमोर तर तोंड उघडण्यापेक्षा तेच बरं दिसतं. ही सवय लहानपणापासून अंगात मुरलेली. दोन वर्षांच्या कॉलेजनं ती थोडीच जाते!

अमेरिकेत स्प्रिंगडेलच्या त्या कारखान्यात जोरिनानं तीन वर्षं हाडं काढायच्या लाइनवर काढली. मग मार्चमध्ये हॅलोवेल नावाचा नवा साहेब आला आणि कागद तपासायला एकेकाला वर बोलवायला लागला. एकेकाला म्हणजे फक्त बेटांवरच्यांना. जोरिनाच्या शेजारी उभा राहणारा मिसुरीचा पोरगा म्हणालासुद्धा, "मला का नाही बोलवत गं? माझा फोटो तर चोरासारखा आलाय!" ती हसली आणि हातमोजे काढून वर गेली.

वर टेबलावर तिचा पासपोर्ट आणि देशात आल्याची नोंद उघडी होती.

"हे चालणार नाही. ग्रीन कार्ड आण."

"आम्हाला ते लागत नाही, सर. दोन देशांचा करार आहे. मला घेतलंत तेव्हा हेच कागद घेतले होते."

"तेव्हाचं तेव्हा. तुम्हा बेटवाल्यांचं रोज एक नवीन असतं." त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "बरं, तुझी काही हरकत आहे? लेखी द्यायचीय?"

 जोरिनाच्या डोळ्यांसमोर तिची अकरा महिन्यांची लेक आल्मी, तिची घरघरणारी छाती आणि कारखान्याच्या विम्यावर मिळणारं तिचं श्वासाचं औषध. तिनं भुवया वर केल्या. चांगल्या दोनदा केल्या. मनातून तर ती ओरडलीच होती.

साहेबाला भुवयांचं काय कळणार? त्यानं काहीतरी लिहिलं, कागद पुढे सरकवला. मोठ्या माणसानं पुढे केलेला कागद परत ढकलायचा कसा? तिनं सही केली. गाडीत बसल्यावर हातातली प्रत वाचली, 'हरकत नाही. नोकरी स्वखुशीने सोडली.'

घरी मावशी आल्मीला थोपटत होती. सगळं ऐकून म्हणाली, "तुझ्या कॉलेजात वाचून मग सही करायची, एवढंही शिकवत नाहीत वाटतं!" मग स्वतःच रडायला लागली.

जोरिना मात्र रडली नाही. आल्मीचं औषध बारा दिवसांचं उरलं होतं. ती नोकरीवर घेताना भरतात तो सरकारी फॉर्म शोधून वाचत बसली. चालणाऱ्या कागदांच्या यादीत त्यांच्या देशाचं नाव स्पष्ट लिहिलं होतं. खाली कामगारांसाठीचा सरकारी फोन नंबर. सकाळी तिनं तो लावला.

पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "तुमचे कागद पुरेसे आहेत. तुमच्या देशाच्या माणसांकडूनच वेगळे मागणं बेकायदा आहे. मी कारखान्याशी बोलू?" जोरिना नुसती फोन कानाला धरून होती. भुवया आपोआप वर गेल्या होत्या. "ऐकताय ना?"

"हो," ती घाईघाईनं म्हणाली. "हो, बोला. आणि माझं नाव सांगा."

नवव्या दिवशी बोलावणं आलं. हॅलोवेल मान वर न करता म्हणाला, "त्याच वेळी बोलली असतीस तर ही वेळ आली नसती."

"मी 'हो' म्हणाले होते, सर. आमच्याकडे तसंच म्हणतात. आता तोंडानं सांगते, मी नोकरी सोडलेली नाही. ती ओळ खोडा."

त्यानं ती खोडली. तिनं खोडलेल्या कागदाची प्रत मागून घेतली आणि मगच खाली गेली.

लाइनवर बिल्माची जागा रिकामी होती. बिल्मा पन्नाशीची, एकटी राहते. जोरिनाच्या आधी वर गेली होती, त्याच कागदावर सही करून आली होती. तक्रारीला एकशे ऐंशी दिवस मिळतात. तिला वाटतं, चूक आपलीच असणार. लाजेपोटी ती चर्चलाही येत नाही, फोन उचलत नाही. जोरिना तीनदा जाऊन आली. पडदा हलला, दार उघडलं नाही.

आता ऑगस्ट संपत आलाय. बिल्माकडे तक्रारीला तीनेक आठवडेच आहेत. लाँड्रीच्या मागची हिरव्या दाराची खोली. त्या बाजूनं जाणार असाल तर तेवढं बघून या हो तिच्याकडे. हाक मारा, आणि ती दार उघडेपर्यंत पायरीवर बसा.